पोलिओ गेला, आता पुढारी कुठून येणार?

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात १९६२ साली एका विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला आणि त्याला ठेवायचे कुठे, असा पेच विद्यापीठापुढे उभा राहिला. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला होता. मानेखालचे शरीर जवळजवळ पूर्ण लुळे. झोपेत श्वास चालू राहावा म्हणून त्यांना ‘आयर्न लंग’मध्ये, म्हणजे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर बंदिस्त करणाऱ्या लोखंडी पिंपात निजावे लागे. पिंपातील हवेचा दाब कमी-जास्त झाला की छाती फुगे आणि बसे. साडेतीनशे किलोंच्या पुढचे हे धूड वसतिगृहात नेणे शक्यच नव्हते. अखेर विद्यापीठाच्या रुग्णालयातली एक खोली त्यांना मिळाली. राज्याच्या पुनर्वसन खात्याने त्याआधीच हा मुलगा कधी कामधंदा करू शकणार नाही असे ठरवून टाकले होते. १९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच खात्याच्या संचालकपदी रॉबर्ट्स यांना नेमले.

अपंग हक्क चळवळीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. (सरकारी शब्द आता ‘दिव्यांग’ आहे, चळवळीतील अनेकांना तो मानवत नाही. कमी आहे ती अंगात नव्हे, जिन्यांत आणि कायद्यांत, असे त्यांचे म्हणणे.) या गोष्टीतील वैद्यकीय तपशिलाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. रॉबर्ट्स यांना पोलिओ झाला होता. ज्युडी ह्यूमन यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यासाठी देशभर हिंडलेले जस्टिन डार्ट, तेही पोलिओतून वाचलेले. चळवळीच्या पहिल्या फळीला एकाच रोगाने इतके पुढारी कसे दिले?

पोलिओचा विषाणू बहुतेकांच्या आतड्यातून काही न करता निघून जातो. साधारण दोनशे संसर्गांमागे एकाला कायमचा लुळेपणा येतो. अशा वेळी विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. स्पर्श, स्मरण, बुद्धी शाबूत राहतात. पूर्वी अस्वच्छतेमुळे हा संसर्ग तान्हेपणीच, आईकडून आलेली प्रतिपिंडे अंगात असतानाच होऊन जाई. पाणी आणि गटारे सुधारली तसा तो लांबला आणि ते संरक्षण संपलेल्या वयात मुलांना गाठू लागला. त्यामुळे विसाव्या शतकातील मोठ्या साथी श्रीमंत देशांत, खात्यापित्या घरांतही आल्या. एकट्या १९५२ साली अमेरिकेत सुमारे ५८ हजार रुग्ण आढळले. एकाच सुमाराला आजारी पडलेली, एकाच वॉर्डात महिनोन्‌महिने काढलेली, पुढे उन्हाळी शिबिरांत भेटत राहिलेली हजारो मुले; आणि शाळेने दार बंद केले तर जाब विचारणारे त्यांचे आईबाप. चळवळीला लागणारी माणसे एका विषाणूने एकत्र आणली हे म्हणणे क्रूर वाटेल, पण ते खरे आहे.

ह्यूमन यांची चाकाची खुर्ची म्हणजे आग लागली तर धोका, असे सांगून ब्रुकलिनमधील शाळेने त्यांना घेतले नव्हते. मोठेपणी न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा १९७० साली त्या कोर्टात गेल्या आणि नोकरी मिळवली. १९७७ च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात शंभराहून अधिक अपंग माणसे ठाण मांडून बसली, त्यांच्या पुढाऱ्यांत त्या होत्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा १९७३ सालीच झाला होता. त्याचे नियम चार वर्षे सहीविना पडून होते. तीन आठवड्यांहून जास्त काळ आंदोलक हलले नाहीत. औषधे, झोपताना कूस बदलून देणारे मदतनीस यांवाचून अनेकांनी ते दिवस काढले. कृष्णवर्णीयांची ‘ब्लॅक पँथर’ संघटना रोज गरम जेवण पोचवत होती. २८ एप्रिलला सही झाली.

चळवळ अमेरिकेपुरती राहिली नाही. १९८० साली कॅनडातील विनिपेग येथे पुनर्वसन क्षेत्रातील जागतिक परिषद भरली. डॉक्टर, थेरपिस्ट आणि संस्थाचालक यांचे ते व्यासपीठ. या संघटनेच्या प्रतिनिधी सभेत निम्मे तरी अपंग असावेत, असा ठराव आला आणि ६१ विरुद्ध ३७ मतांनी पडला. परिषदेला आलेल्या अडीचशेच्या आसपास अपंग व्यक्तींनी वेगळी बैठक घेतली. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये ‘डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल’ या त्यांच्या स्वतःच्या जागतिक संघटनेचे पहिले अधिवेशन झाले. ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’ ही घोषणा पुढे जगभर गेली. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला, तेव्हा कायदे-धोरणे ठरवताना अपंगांच्या संघटनांचा सल्ला घेणे चौथ्या कलमाने सरकारांवर बंधनकारक केले. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला मान्यता दिली.

तोवर पहिली फळी थकू लागली होती. त्यालाही पोलिओच कारण. बचावलेल्या चेतापेशींना नव्या फांद्या फुटल्या होत्या आणि मेलेल्या पेशींकडचे स्नायुतंतूही त्याच सांभाळत होत्या. तीस-चाळीस वर्षे जादा काम करून त्या पेशी खचू लागल्या, की हातापायांतील परत मिळवलेले बळ पुन्हा ओसरते. याला ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. आणि मागून येणारे कुणी नव्हते. १९५५ साली सॉक यांची लस आली आणि श्रीमंत देशांतील साथी काही वर्षांत संपल्या. भारतातील पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला. रॉबर्ट्स १९९५ साली गेले, डार्ट २००२ साली.

जन्मजात ‘स्पायना बिफिडा’ असलेले आपल्याकडचे जावेद अबिदी ४ मार्च २०१८ रोजी गेले. १९९५ आणि २०१६ या दोन्ही अपंग कायद्यांसाठी ते लढले होते, ‘डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल’चे अध्यक्षही होते. ह्यूमन यांचे निधन बरोबर पाच वर्षांनी, ४ मार्चलाच झाले.

जागा भरून निघत आहेत, पण वेगळ्याच वाटांनी. जर्मनीच्या तेरेसिया डेगनर यांना जन्मतः हात नाहीत. आईच्या गरोदरपणात दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाचा तो परिणाम. कायद्याच्या प्राध्यापक झालेल्या डेगनर यांनी कराराचा मसुदा घडवण्यात भाग घेतला आणि कराराच्या अंमलावर देखरेख ठेवणाऱ्या १८ जणांच्या समितीचे अध्यक्षपदही भूषवले. २०१६ च्या निवडणुकीनंतर या समितीत त्या एकट्याच स्त्री उरल्या होत्या. समतेसाठी झगडणाऱ्या चळवळीला हे शोभणारे नव्हते. संघटनांनी ओरड केली आणि २०१८ साली निवडून आलेल्या नऊ जणांत सहा स्त्रिया होत्या.

त्याच २०१६ साली आणखी एक निवड झाली, आणि तिने चळवळीचीच परीक्षा घेतली. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन यांच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झाली होती. दीड वर्षाचे असताना त्यांना मतिमंदांच्या मोठ्या संस्थेत ठेवले गेले आणि बालपणाचा बराच काळ अशाच संस्थांत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अशा समितीवर निवडून आलेले ते बौद्धिक अपंगत्व असलेले पहिले सदस्य. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधता येतो; मार्टिन यांच्यासाठी बैठकच बदलावी लागली. कागदपत्रे सोप्या भाषेत हवीत, सोबत मदतनीस हवा, बोलण्याचा वेग उतरायला हवा. चटपटीत वक्तृत्व आणि कायद्याची भाषा यांवर उभ्या राहिलेल्या पहिल्या फळीने असा पुढारी कल्पिला नव्हता. अपंगांमध्येही उतरंड असते, आणि बौद्धिक व मानसिक अपंगत्व तिच्या तळाशी असते, हे तेथे कार्यकर्तेच कबूल करतात. संस्थांमध्ये माणसे डांबून ठेवणे कसे थांबवावे, याची मार्गदर्शक तत्त्वे या समितीने २०२२ साली काढली, तेव्हा अशा संस्थेत वाढलेले मार्टिन तिचे सदस्य होते. २०२४ साली ते वारले.

भार्गवी दावर यांचेही निधन २०२४ चेच. आईला मनोरुग्णालयात ठेवलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. १९९९ साली पुण्यात त्यांनी ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला, शहराच्या वस्त्यांत मानसिक आरोग्याचे काम उभे केले, आणि मानसिक अपंगत्व असलेल्यांची आशियाभर, नंतर जगभर पसरलेली संघटना बांधली. त्यांच्यासमोरची अडचण रॉबर्ट्स यांच्याहून बिकट होती. न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती आपल्या राज्यघटनेच्या १०२व्या अनुच्छेदानुसार खासदार होऊ शकत नाही, आणि करार कायद्यानुसार अशा माणसाचा करारही टिकत नाही. बोलण्याचा हक्क मागायचा, तर आधी आपले बोलणे ग्राह्य आहे हेच सिद्ध करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सहापैकी एक जण, म्हणजे सुमारे १३० कोटी माणसे, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. त्यांतल्या अनेकांचे अपंगत्व पाहणाऱ्याला दिसतही नाही. भारताच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेल आहे, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांना चांगलाच ठाऊक असलेला. मात्र याच कायद्याच्या ३४व्या कलमातील सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात हे तीन रक्तविकार नाहीत. वेदनेच्या झटक्याने महिन्यातले चार दिवस अंथरुणाला खिळणारा तरुण प्रमाणपत्रावर अपंग असतो, नोकरीच्या जाहिरातीत नसतो. ही तफावत दिल्लीत कुणी मांडायची, तर त्यातलाच कुणीतरी लागेल. तो अजून बहुधा बारावीत असेल.