गेलेली बोटं का दुखतात?



गेल्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर एक वहिनी मागे थांबली. तिचा नवरा एमआयडीसीत प्रेस मशीनवर होता. दोन वर्षांपूर्वी मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. आता तो रात्री उठून बसतो आणि म्हणतो, बोटं दुखताहेत, मूठ आवळली आहे, उघडतच नाही. सासूबाईंनी दोनदा लिंबू उतरवून टाकलं. शेजारचे म्हणतात, धक्क्यानं डोकं फिरलं.

"खरंच वेड लागलं असेल का हो ताई?" वहिनीनं विचारलं.

नाही लागलं. आपल्या मेंदूत अंगाच्या प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते, आणि बोटांची जागा पाठीपेक्षा कितीतरी मोठी. शेत पुरात खरडून गेलं तरी सात-बाऱ्यावर नाव राहतंच ना? तशी हात गेला तरी मेंदूतली त्याची नोंद राहते. मेंदू हुकूम सोडतो, 'मूठ उघड'. उत्तर येत नाही. कापलेल्या नसांची टोकं मात्र अधूनमधून भलताच निरोप धाडतात आणि मेंदूला वाटतं, बोटंच बोलली. म्हणजे बोटं नाहीत, पण दुखणं खरं आहे.

या उरलेल्या नोंदीचा उपयोग करून घेणारे एक शास्त्रज्ञ आहेत, नितीश ठाकोर. मुंबईत पवईच्या आयआयटीतून ते 1974 साली इंजिनिअर झाले, पुढे अमेरिकेत शिकून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. मेंदू आणि यंत्र यांचं बोलणं जुळवणं हा त्यांचा विषय.

मेंदूचा निरोप म्हणजे अगदी बारीक वीज. ती पकडायची सोपी वाट उरलेल्या हातातून जाते. मूठ मिटायचं मनात आणलं की कोपराखालचे स्नायू अजूनही आवळतात. कातडीवर लावलेल्या चकत्यांना ते कळतं आणि यंत्राचा हात मिटतो. दुसरी वाट थेट मेंदूतून. मिरगीच्या ऑपरेशनआधी झटका नेमका कुठून येतो हे शोधायला डॉक्टर काही रुग्णांच्या मेंदूवर तारा ठेवतात. अशा दोन रुग्णांच्या मेंदूतले निरोप ठाकोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला ओळखायला शिकवले. त्या निरोपांवर यंत्राचा हात पुढे गेला, त्याची मूठ मिटली.

हे ऐकून गटातली एक म्हणाली, "मग काय, मनातलं सगळंच कळेल!" नाही बाई. हात पुढे न्यायचाय की मूठ मिटायचीय, एवढंच त्याला कळलं, तेही शिकवल्यावर.

आम्हाला जास्त भावलं ते पुढचं काम. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला की आपला हात आपोआप मागे येतो. यंत्राच्या हाताला ते कळत नाही. काचेचा ग्लास धरलाय की कणकेचा गोळा, हे डोळ्यांनी बघत राहावं लागतं. 2018 साली ठाकोर आणि त्यांचे विद्यार्थी ल्यूक ऑसबॉर्न यांनी यंत्राच्या बोटांवर चढवायची कापडाची आणि रबराची कातडी दाखवली. तिच्या थरांतले सेन्सर साधा स्पर्श आणि टोचणं वेगवेगळं ओळखतात. मग उरलेल्या हाताच्या कातडीवरून नसांना विजेचा हलकासा झटका दिला जातो. ऑपरेशन लागत नाही. हात गमावलेल्या माणसाला तो स्पर्श गेलेल्या बोटांतच जाणवला. टोकदार वस्तू धरली तेव्हा दुखलंही, आणि यंत्राच्या हातानं ती सोडून दिली. मुद्दाम दुखवायचं कशाला, असं आम्हालाही आधी वाटलं. पण दुखतं म्हणूनच तर हात वाचतो.

ही कातडी प्रयोगातली आहे. 'मेंदूवर चालणारा हात बसवून देतो' म्हणून कोणी दारात येऊन आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका.

आवळलेल्या मुठीसाठी मात्र एक स्वस्त उपाय आहे. 1990 च्या दशकात डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी तो दाखवला. समोर आरसा उभा धरायचा, धडधाकट हात आरशापुढे, तुटलेला हात आरशामागे. आरशात बघत मूठ मिटायची, हळूहळू उघडायची. मेंदूला वाटतं, दोन्ही हात आहेत, दोन्ही मुठी उघडल्या. काहींचं दुखणं यानं कमी होतं, काहींचं होत नाही. आधी डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावं.

वहिनी बुधवारी नवऱ्याला घेऊन नागपूरला मेडिकलमध्ये जाणार आहे. निघताना तिनं एवढंच विचारलं, कपाटाच्या दाराचा आरसा चालेल का? आम्ही म्हटलं, दाराचा नको, सुटा घे, दोन्ही हातांच्या मधोमध उभा राहील असा.