गाडीचे टायर बदलताना



पोखर्णीची काळी माती पावसात चाकाला चिकटते, उन्हाळ्यात डांबर तापते. म्हणून जीपसारख्या छोट्या गाडीला बारमाही टायर घेताना घाई करू नका.

जुन्या टायरवरचे आकडे वाचा. समजा, २१५/६० आर १६, ९५ एच. माप तेच घ्या. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो भार. हा आकडा कमी नको. खाचा रुंद असल्या, की चिखल झडतो.

कडेला २३२५ असेल, तर टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. जुना माल परत करा.

दोनच बदलायचे तर नवे मागे लावा. नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडी मागून घसरते. खाच १.६ मिलिमीटरवर आली, की टायर उतरवाच. पैसा पुढच्या सुगीला येईल, माणूस येत नाही.