विश्लेषण : चिनी साहित्यिक जेवणाबद्दल लिहितात, तेव्हा काय सांगतात?

डुकराचे मांस, बटाटे, खारवलेली अंडी... चिनी भाषेतील नामवंत कवी आणि निबंधकार अशा साध्या पदार्थांवर शतकानुशतके लिहीत आले आहेत. या लेखनात चवीइतकेच हद्दपारी, दुरावलेले गाव आणि उपासमारीलाही स्थान आहे.

ही परंपरा किती जुनी?

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला झांग हान हा अधिकारी लोयांग या राजधानीत नोकरीला होता. शरद ऋतूचे वारे सुटले आणि त्याला दक्षिणेतील आपल्या गावचे पाणभाजीचे सार व मासा आठवला. त्याने नोकरी सोडून घर गाठले, अशी कथा आहे. लवकरच राजधानीतील सत्तासंघर्षात त्याचा वरिष्ठ मारला गेला, तेव्हा लोकांनी झांगच्या दूरदृष्टीचे कौतुक केले. सार आणि माशाची आठवण म्हणजे गावाची ओढ, असा वाक्प्रचार चिनी भाषेत रूढ झाला.

सु दोंगपोचे मांस प्रसिद्ध का?

सरकारी धोरणांची कवितेतून टिंगल केल्याच्या आरोपावरून कवी सु शी याला 1079 मध्ये अटक झाली. पुढच्या वर्षी त्याला हुआंगझोऊ येथे नाममात्र पदावर धाडण्यात आले. तेथे तो पूर्वेकडील उतारावर शेती करू लागला. त्यावरूनच ‘दोंगपो’ हे नाव पडले. या गावात डुकराचे मांस स्वस्त होते. श्रीमंत ते खात नसत आणि गरिबांना ते नीट शिजवता येत नसे. थोडे पाणी घालून मंद आचेवर ते निवांत शिजू द्यावे, असे त्याने लिहिले. ज्या कवीला कवितेमुळेच शिक्षा झाली, त्याने तक्रारीऐवजी पाककृती लिहिली, हे लक्षणीय.

विसाव्या शतकात काय बदलले?

वांग झेंगची (1920-1997) यांना 1958 मध्ये ‘उजवे’ ठरवून श्रमासाठी पाठवण्यात आले. पुढे एका बटाटा संशोधन केंद्रात निरनिराळ्या वाणांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. चित्र पूर्ण झाले की ते बटाटा भाजून खात. इतके वाण खाल्लेला दुसरा माणूस देशात नसेल, असे ते गमतीने लिहितात. ती चित्रे सांस्कृतिक क्रांतीत नष्ट झाली. गाओयू या आपल्या गावच्या खारवलेल्या बदकाच्या अंड्यांवरचा त्यांचा निबंध शालेय पाठ्यपुस्तकात आला.

लू वेनफू यांच्या ‘खवय्या’ (1983) या लघुकादंबरीत क्रांतीनंतर एका उपाहारगृहातून चमचमीत पदार्थ हद्दपार होतात आणि गिऱ्हाईकही पांगते. आ चेंग यांच्या ‘बुद्धिबळाचा राजा’मधील (1984) नायक भाताचे शितही वाया जाऊ देत नाही. भूक सोसलेल्या पिढीचे हे चित्रण आहे.

वैयक्तिक अर्थ कोणता?

त्याचे ठळक उदाहरण लियांग शिचिऊ यांचे. बीजिंगमध्ये 1903 साली जन्मलेले आणि शेक्सपिअरचे समग्र भाषांतर करणारे लियांग 1949 मध्ये तैवानला गेले. तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंमधला प्रवास बंद झाला. उतारवयात त्यांनी बीजिंगच्या पदार्थांवर निबंध लिहिले. ते 1985 मध्ये पुस्तकरूपात आले. मुगापासून केलेले, आंबूस वासाचे ‘दोउझी’ हे पेय परक्याला सहसा रुचत नाही, पण लियांग यांना त्याचीच आठवण येई. तैवानने नोव्हेंबर 1987 मध्ये नागरिकांना मुख्य भूमीवरील नातेवाईकांच्या भेटीची मुभा दिली. त्याच महिन्यात लियांग यांचे तैपेईत निधन झाले. बीजिंगला परतणे त्यांना जमले नाही.