प्रोटॉनचा शेक : मलकापूरहून खारघरला

किरणोपचाराला आपल्याकडे अजूनही ‘शेक’ म्हणतात. प्रोटॉन हा त्यातलाच नवा प्रकार. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात तो २०२३पासून मिळतो. मलकापूर किंवा शेगावहून निघून ठाण्याला उतरले, की पनवेल लोकलने खारघर गाठता येते.

नेहमीचे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, त्यामुळे गाठीपलीकडच्या भागालाही झळ बसते. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. तो ठरवलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो. कवटीच्या तळाशी गाठ असली, की डोळ्याची नस काही मिलिमीटरवर असते. तिथे हे थांबणे मोलाचे.

सर्वांना मात्र प्रोटॉन लागत नाही. गालाच्या आणि जिभेच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया होते आणि गरज पडल्यास नेहमीचा शेक पुरतो. डॉक्टरांनी प्रोटॉन नको म्हटले, तर उपचारात कसर केली असे समजू नये. निघताना बायोप्सीची काच, ब्लॉक आणि स्कॅनची सीडी सोबत घ्यावी.

शेक सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत. नंतर दात काढावा लागला, तर जबड्याचे हाड भरून यायला फार त्रास होतो.

मग मुखवटा. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. जाळीतून श्वास नीट घेता येतो, घाबरू नये. दाढी आधीच करावी, पुढे वाढू देऊ नये. हाच मुखवटा घालून स्कॅन काढतात आणि त्यावरून किरणांचा आराखडा करतात.

पुढे आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे. रोजचा बराच वेळ नीट झोपवण्यातच जातो; किरण काही मिनिटांचे, आणि ते दुखत नाहीत.

घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर. तोंड सोलते, चव जाते, तिखट सोसत नाही. जेवण तुटते आणि वजन उतरते. गाल आत गेले, की मुखवटा सैल होतो आणि प्रोटॉनची थांबण्याची जागा सरकते. मग पुन्हा स्कॅन, कधी नवा आराखडा. म्हणून मऊ भात-वरण, दूध, अंडी चालू ठेवावीत. गिळता येत नसेल, तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नये. तंबाखू आणि खर्रा पूर्ण बंद. पेरणीसाठी किंवा लग्नासाठी मधेच गावी येऊन खाडा करू नये; तेवढ्यात गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो.

आणि मुखवटा जरा जरी सैल लागला, तरी आपण त्याच दिवशी, किरण सुरू होण्याआधी, तंत्रज्ञांना सांगावे.