हिरवा दिवा लागला, म्हणजे सारे ठीक?

शाळेच्या संगणक कक्षातला एखादा संगणक इतरांपेक्षा फारच मंद चालतो. केबल नीट बसलेली असते, स्विचवरचा हिरवा दिवा लागलेला असतो, पण मोठी फाइल पाठवायची म्हटली की ती संपता संपत नाही. आमच्या प्रयोगशाळेत असाच एक संगणक होता. त्याची केबल बदलून पाहिली, नेटवर्क कार्ड बदलले, शेवटी तो मोडीत काढण्याची शिफारसही लिहून झाली. वास्तविक दोष संगणकात नव्हताच, तो स्विचच्या एका पोर्टच्या मांडणीत होता. हा दोष कसा निर्माण होतो आणि कसा ओळखायचा, ते आपण पाहू.

एकेरी पूल, दुहेरी पूल

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेटची सुरुवात केली. त्यात सर्व संगणक एकाच केबलवर जोडलेले असत. ही व्यवस्था अरुंद पुलासारखी होती. आधी पलीकडून कोणी येत नाही ना हे पाहायचे, मग निघायचे. दोघे एकाच वेळी निघाले तर टक्कर होई. मग दोघांनी थांबून, थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. या पद्धतीला हाफ ड्युप्लेक्स म्हणतात.

पुढे स्विच आले. १०० मेगाबिट वेगाच्या केबलमध्ये पाठवण्यासाठी तारांची एक जोडी आणि घेण्यासाठी दुसरी जोडी वापरली जाते. त्यामुळे पूल दुहेरी झाला. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येऊ लागले. ही फुल ड्युप्लेक्स पद्धत. तिच्यात टक्कर नसते, म्हणून थांबून पाहण्याचीही गरज नसते.

यंत्रांची आपसांतील बोलणी

पूल एकेरी मानायचा की दुहेरी, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवावे लागते. त्यासाठी १९९५ च्या फास्ट ईथरनेट मानकात ऑटो-निगोशिएशनची सोय करण्यात आली. जोडणी होताच दोन्ही यंत्रे सूक्ष्म स्पंदांच्या साहाय्याने आपापली क्षमता एकमेकांना कळवतात आणि दोघांना जमेल अशी उत्तम पद्धत निवडतात.

आता समजा, कोणी स्विचच्या पोर्टवर ‘१०० मेगाबिट, फुल’ अशी मांडणी हाताने पक्की केली आणि संगणक ‘ऑटो’वरच राहिला. असा पोर्ट सामान्यतः बोलणी करीत नाही. येणाऱ्या संकेताच्या स्वरूपावरून संगणकाला १०० मेगाबिट हा वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ ड्युप्लेक्स धरावे, असा मानकाचाच नियम आहे. म्हणजे स्विच पूल दुहेरी समजतो आणि संगणक एकेरी! वेग जुळल्यामुळे हिरवा दिवा मात्र लागतो.

जोडणी तपासण्यासाठी आपण ‘पिंग’ आज्ञा देतो. तिच्यात लहानसा संदेश जातो, मग उत्तर येते. दोघे सहसा एकदम बोलत नाहीत. त्यामुळे ही चाचणी निर्दोष वाटते. मोठी फाइल पाठवताना मात्र एकीकडे माहिती जात असते आणि त्याच वेळी दुसरीकडून पोचपावत्या येत असतात. संगणकाला ही टक्कर वाटते. तो पाठवणे अर्ध्यावर तोडतो आणि माहिती पुनःपुन्हा पाठवावी लागते. मंदपणाचे मूळ इथे आहे.

मोजणी काय सांगते?

मांडणी बदलण्याची सोय असलेला स्विच प्रत्येक पोर्टची मोजणी ठेवतो. सिस्को कंपनीच्या स्विचवर ‘शो इंटरफेसेस’ या आज्ञेने ती पडद्यावर दिसते. तिच्यातील दोन आकडे आपल्या कामाचे आहेत. पहिला पडताळ्याच्या चुकांचा. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी पडताळ्याची ३२ बिटे असतात. अर्धवट तुटलेल्या फ्रेमचा पडताळा जुळत नाही. दुसरा उशिराच्या टकरींचा. नियमानुसार खरी टक्कर फ्रेमच्या पहिल्या ६४ बाइटांतच, म्हणजे १०० मेगाबिट वेगाला ५.१२ मायक्रोसेकंदांत, कळायला हवी. त्यानंतरची टक्कर बिघाडाची खूण होय. फुल बाजूला पडताळ्याच्या चुका आणि हाफ बाजूला उशिराच्या टकरी वाढत असतील, तर ड्युप्लेक्स जुळत नाही असे समजावे. आमच्या स्विचवर पडताळ्याच्या चुका हजारोंनी साठल्या होत्या; केवळ कोणी पाहिल्या नव्हत्या.

मोजणी एकदाच पाहून भागत नाही. ती कित्येक महिन्यांपूर्वीची असू शकते. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंद करावी आणि फरक काढावा. इथे विद्यार्थ्यांसाठी एक छान गणित आहे. बाइटांचा मोजक ३२ बिटांचा असेल, तर तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १,२५,००,००० बाइट. पूर्ण वेगाने माहिती वाहिली तर हा मोजक सुमारे ३४४ सेकंदांत, म्हणजे पावणेसहा मिनिटांत, एक फेरी पूर्ण करील! दहा मिनिटांनी काढलेला फरक मग फसवा ठरेल. म्हणूनच वेगवान पोर्टसाठी ६४ बिटांचे मोजक वापरतात.

उपाय

उपाय सोपा आहे. दोन्ही टोके ‘ऑटो’वर ठेवावीत, किंवा दोन्ही टोकांना हाताने एकच मांडणी द्यावी. एक टोक पक्के आणि दुसरे ऑटो, असे कधीही करू नये. साधा, स्वस्त स्विच ऑटोवरच चालतो, तेव्हा त्याला जोडलेल्या संगणकाची मांडणीही ऑटोच हवी. तांब्याच्या तारेवरील गिगाबिट जोडणीत ही बोलणी सक्तीचीच असल्याने हा घोटाळा तिथे सहसा होत नाही. पण १०० मेगाबिटचे पोर्ट असलेली छपाईयंत्रे आणि उपकरणे आजही वापरात आहेत.

आमचा तो संगणक मोडीत गेला नाही. पोर्ट ऑटोवर आणताच तो इतरांच्या बरोबरीने चालू लागला. यंत्राला दोष देण्यापूर्वी मोजणी पाहावी, हा धडा प्रयोगशाळेत आणि वर्गात सारखाच उपयोगी आहे.