चहा आपला, मग टी कुणाची?

धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्याकडे दुधाखव्याला तोटा नाही. तिथल्या माणसाला चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि दणकून उकळी. ‘चहा’ हा शब्द चिनी आहे हे त्याला ठाऊक असलं, तरी चीनमध्येही असंच काही मिळत असेल हा त्याचा समज खरा नाही. तिथं नुसतं ‘चा’ मागितलं तर पुढ्यात येतो गरम पाण्यात उतरलेला पाला, ना दूध ना साखर. दुधाचा हवा असेल तर ‘नायचा’ म्हणायचं. आपल्या कोऱ्या चहाला, म्हणजे इंग्रजांच्या ‘ब्लॅक टी’ला, चिनी माणूस ‘हुंगचा’ म्हणजे लाल चहा म्हणतो. उच्चारही जपून करावा. ‘चा’चा सूर चढा आहे, तोच खाली आपटला तर ऐकणाऱ्याला ‘वाईट’ असं ऐकू येतं!

‘चा’ म्हणजे फक्त चहाच्या झाडाचा पाला, असंही नाही. शेवंतीची फुलं उकळत्या पाण्यात घातली तरी तो तिथं ‘चा’च. आपला गवती चहा तरी कुठं चहाच्या झाडाचा?

‘चहापाणी’ या शब्दाला कचेऱ्यांमध्ये जो दुसरा अर्थ चिकटला, तसली करामत फक्त मराठीची, असं वाटत असेल तर तेही सोडा. चीनमध्ये पोलिसांनी ‘चहा प्यायला’ बोलावलं, की माणसाला घाम फुटतो. त्याचा अर्थ चौकशी.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे ‘चहा’ आपला आणि ‘टी’ इंग्रजांची. दोन्ही शब्दांचं मूळ चिनी, आणि चिनी लिपीत दोन्हींचं अक्षरही एकच. ते बीजिंग-कँटनकडे ‘चा’ वाचतात, फूच्येनच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात ‘ते’ युरोपात नेला, त्याचा इंग्रजीत ‘टी’ झाला. मकावला ठाण मांडलेल्या पोर्तुगीजांनी ‘चा’ उचलला. इराणात त्याच ‘चा’चा ‘चाय’ झाला. म्हणजे ‘चाय’ शुद्ध आणि ‘चहा’ अपभ्रंश, हा वादही पोकळच.

मराठीच्या अभिमानानं ‘टी नको, चहा म्हणा’ असा आग्रह जरूर धरावा. फक्त ‘टी’ परकी आहे, हे कारण देऊ नये.