बी नव्हे, बेणे!

वीर धरणातून निघालेला नीरा उजवा कालवा खंडाळा तालुक्यातून पुढे फलटण, माळशिरसकडे जातो. जुलैच्या मध्याला या पाण्यावर आडसाली उसाच्या लागणी सुरू होतात, तेव्हा सरीत कोणी बी पेरत नाही. दाबल्या जातात त्या उसाच्या टिपऱ्या. मराठीने हा फरक आधीच टिपला आहे. ज्वारी-बाजरीचे ते बियाणे आणि ऊस-हळदीचे ते बेणे.

बीज म्हणजे दोन जनकांच्या गुणधर्मांचा संगम. बेणे मात्र एकाच झाडाचा तुकडा असतो. उसाच्या प्रत्येक पेराशी एक डोळा असतो आणि त्यालगत मुळांच्या सूक्ष्म अंकुरांचा पट्टा. उभ्या उसात शेंड्याकडून खाली येणारी संप्रेरके या डोळ्यांना निद्रिस्त ठेवतात. कांडे तोडताच हा अंमल संपतो. ओलावा मिळाला की आधी टिपरीची मुळे फुटतात, मग कोंब वर येतो आणि स्वतःची मुळे धरेपर्यंत तो कांड्यातील साखरेवर पोसला जातो. तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांवरचे डोळे पुन्हा फुटतात. तोच आपला खोडवा.

ही युक्ती उसापुरती नाही. वाई, सांगलीकडची हळद जमिनीखालच्या खोडातून, म्हणजे गड्ड्यांतून वाढते. पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जमिनीवर धावती खोडे सोडते आणि त्यांच्या पेरांशी नवी रोपे रुजतात. केळीला बुंध्याशी मुनवे फुटतात. या साऱ्यांत पेशी विभागताना गुणसूत्रांचा संच जसाच्या तसा उतरतो. म्हणून नवे रोप हे मूळ झाडाचे अपत्य नसून त्याचाच विस्तार असतो.

शेतकऱ्याला त्याचा लाभ उघड आहे. एकदा उत्तम वाण सापडला की तो वर्षानुवर्षे तसाच राखता येतो. को ८६०३२ हा वाण मूळचा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा. पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीने १९९६ मध्ये तो महाराष्ट्रात आला आणि 'नीरा' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यानंतर शेकडो गावांत पोहोचलेले त्याचे प्रत्येक बेट मुळात एकाच रोपाचे वंशज आहे. तो रोप मात्र बियांतूनच जन्मला होता. नवा वाण हवा असेल तर उसाला तुरा यावा लागतो आणि संकर करावा लागतो; त्यासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने सिंधुदुर्गातील थंड, दमट आंबोलीत पैदास केंद्र उभारले आहे.

मात्र सारखेपणाची किंमतही मोजावी लागते. एका रोपाला जो रोग जिंकतो, तो साऱ्यांनाच जिंकू शकतो. उत्तर प्रदेशाच्या बहुतांश ऊसक्षेत्रावर पसरलेल्या को ०२३८ या वाणावर पुढे लाल कूज रोगाचा मोठा प्रादुर्भाव झाला, हे अलीकडचे उदाहरण. दुसरा धोका अधिक अदृश्य आहे. काणी, गवताळ वाढ असे रोग बेण्यातूनच पुढच्या लागणीत जातात. बी अनेक रोगांना गाळून टाकते. बेणे त्यांना वाहून नेते.

म्हणूनच खोडव्याचा किंवा शेजारच्या शेतातला मिळेल तो ऊस बेणे म्हणून वापरणे परवडणारे नाही. मूलभूत बेण्यावर उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करून पायाभूत आणि प्रमाणित बेणे तयार करण्याची त्रिस्तरीय पद्धत यासाठीच आहे. लागणीसाठी नऊ ते अकरा महिन्यांचे, रसरशीत, फुगीर डोळ्यांचे बेणे निवडावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. ऊतिसंवर्धित रोपेही याच साखळीतील पुढचा दुवा आहेत.

एका टिपरीतून साऱ्या शिवाराचे भवितव्य उगवते. त्यामुळे बेणे निवडताना खर्च केलेला एक दिवस हा पुढच्या चार हंगामांचा विमाच समजावा.